केकला घाम फुटतो तेव्हा...

रात्रीचे साडेदहा. मे महिना, नवतपा सुरू, घरात कूलर फुल स्पीडवर आणि डायनिंग टेबलवर केक! दुसऱ्या दिवशी आई-बाबांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस. बटरक्रीमची गुलाबी फुलं काढून मी लांबून कौतुकानं बघतेय, तोच एक फूल हळूच खाली घसरलं. मग दुसरं. रंगीत गोळ्यांचे ओघळ यायला लागले. धाकटा भाऊ पाण्याची बाटली घ्यायला आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ताई, काहून रडून राहिला गं तुझा केक?’’

केक बेक केला होता मार्चमध्ये. दचकू नका! मृग बहाराची संत्री बाजारातून जायच्या आत त्यांची साल किसून स्पंज केला आणि थेट फ्रीझरमध्ये टाकला. सकाळी मिहानची बस पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या पब्लिकला दुसरा मार्ग तरी कुठला? इंग्लंड-अमेरिकेत तर लग्नाच्या केकचा वरचा मजला वर्षभर फ्रीझ करून पहिल्या अॅनिव्हर्सरीला खायची पद्धत आहे. आपला साधा स्पंज दोन-तीन महिने आरामात टिकतो. फक्त पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्मचे दोन थर, वरून फॉइल आणि मग घट्ट झाकणाचा डबा. नाहीतर शेजारी सावजी मटण असलं, की केकही सावजी!

म्हणजे फ्रीझरची काही चूक नव्हती. मग कुणाची? मी अर्थातच उन्हाला शिव्या घातल्या. ऊन अगदीच निर्दोष नाही. लोणी साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं आणि आपल्याकडे पारा 45 पार जातो. पण केकला सुटलेलं पाणी? नागपूरची मेमधली हवा इतकी कोरडी, की गच्चीवर टाकलेली जीन्स तासाभरात कडक होते. तिच्यात केकवर साचायला ओल येणार कुठून?

उत्तर खिडकीत घरघरत होतं. कूलर खोली गार करतो ते हवेत पाणी मिसळून. ती ओली हवा उणे 18 अंशांवरून आलेल्या केकला लागली, की थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून सुटतं तसं केकलाही पाणी सुटणारच. एसीचं उलट. तो हवेतली ओल काढून घेतो. त्यामुळे घरात एका खोलीत जरी एसी असेल, तरी केकला तिथे मानानं नेऊन बसवा. लाजू नका.

दुसरी चूक माझी स्वतःची. केक दगडासारखा कडक असतानाच मी त्यावर जाड क्रीम थापलं. गोठलेल्या केकवर क्रीम लगेच घट्ट बसतं, दिसतंही झकास. पण आतला केक सैल होताना अडकलेली हवा बाहेर पडू बघते आणि आयसिंगला फुगे येतात, भेगा जातात. म्हणून केक आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि हे महत्त्वाचं, गुंडाळलेलाच! पाणी सुटलं तर ते प्लॅस्टिकवर सुटेल, केकवर नाही. सकाळी तो थंड पण सुरी जाईल इतपत मऊ झालेला असतो. तेव्हा कापला तर चुरा जवळजवळ पडत नाही, ही फ्रीझिंगची खरी मजा. मग क्रीमचा एक पातळ हात, वीस-तीस मिनिटं फ्रीज, त्यावर शेवटचा थर. रंगीत गोळ्या आणि फाँडंटची फुलं अगदी वाढायच्या आधी. साखर ओल ओढून घेते, चिकट होते आणि रंग सोडते.

उन्हाळ्यात बटरक्रीमचा हट्टच सोडला तर उत्तम. गनाश जास्त दणकट. एरवी एक भाग क्रीमला दोन भाग डार्क चॉकलेट, मेमध्ये सरळ तीन भाग घाला. पावसाळ्यात मात्र कूलर बंद असला तरी हवाच ओली. तेव्हा फाँडंटच्या वाटेला न गेलेलं बरं.

त्या रात्री मी सगळं क्रीम खरवडून काढलं आणि केक परत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला. पहाटे पाचचा अलार्म. कूलर बंद, खिडक्या उघड्या, नुसता पंखा. नागपुरात मेमध्ये दिवसाचा तेवढाच वेळ काय तो माणसांचा! साडेसहापर्यंत गनाश लावून झालं. फुलं नाहीत, गोळ्या नाहीत, बाजूनं थोडा वाकडाच.

संध्याकाळी केक कापला. आईनं पहिला घास घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘मे महिन्यात संत्रं कुठून आणलंस गं?’’