एकवीस दिवसांची तराई

नागभीडहून ब्रह्मपुरीकडे येताना रस्त्याकडेच्या घरांचा रंग बदलत चाललेला दिसतो. पूर्वी गिलावा न झालेली भिंत म्हणजे तांबडी भिंत. आता नव्या घरकुलांच्या कितीतरी भिंती राखाडी असतात, कोपरे धारदार, सगळ्या विटा एका मापाच्या. मिस्त्रीला विचारलं तर म्हणतो, "राखडीची वीट आहे जी, चंद्रपूरच्या राखेची." तोवर मलाही एवढंच ठाऊक होतं.

मग मे महिन्यात विटांच्या एका लहानशा कारखान्यासमोर थांबावंच लागलं. ब्रह्मपुरीचा मे काय असतो हे झाडीपट्टीत कोणाला सांगायला नको. पारा ४६-४७ अंशांना टेकतो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत हे नाव हमखास येतं. त्या उन्हात, भर दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेली एक बाई विटांच्या चट्ट्यांवर पाइपने पाणी मारत होती. आजूबाजूच्या बोड्यांचा तळ उघडा पडलेला, बांध्यांना भेगा गेलेल्या, आणि इथे विटांना पाणी. मातीच्या भट्टीवर पक्क्या विटेला पाणी पाजताना मी कधी कोणाला पाहिलं नव्हतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. ओल्या सिमेंटचा, घशाशी खवखवणारा, नंतर कपड्यांतही राहणारा. काम म्हणाल तर अर्ध्या तासात समजतं. राख, गिट्टीची चुरी आणि सिमेंट पॅन मिक्सरमध्ये पडतं, पाणी मिसळतं, पट्ट्यावरून ते मिश्रण प्रेसखाली जातं आणि दाब बसला की फळीवर ओल्या विटा बाहेर येतात. एखादी मोडली तर तिथल्या तिथे परत मिक्सरमध्ये. फळ्या सावलीत जातात, विटा जरा धरल्या की त्यांचे चट्टे लागतात. मालकाने सगळं फिरून दाखवलं आणि म्हणाले, "भट्टी नाही, लाकूड नाही, धूर नाही. फक्त एकवीस दिवस."

हे एकवीस दिवस मी त्या आवारात सगळ्यांच्या तोंडून ऐकले. मशीनवरचा मुलगा म्हणाला, ट्रॅक्टरवाला म्हणाला. पण ते जिच्या अंगावर पडतात ती पाणी मारणारी मावशी. चट्ट्यावर खडूने तारीख लिहिलेली असते. त्या तारखेपासून एकवीस दिवस वीट वाळू द्यायची नाही, हीच तराई. "पऱ्ह्याला जपावं लागते ना जी, तसं," ती म्हणाली आणि पुढच्या चट्ट्याकडे वळली.

एवढं पाणी का, याचं उत्तर राखेत आहे. दगडी कोळसा जळाल्यावर उरणारी राख म्हणजे बहुतांशी सिलिका आणि ॲल्युमिना. आपल्याकडच्या कोळशाच्या राखेत चुना फार थोडा असतो, म्हणून ती नुसती भिजवली तर चिखल होतो, वाळली की उडून जाते. तिला चुना मिळाला, मग तो सिमेंटमधून सुटलेला असो की वेगळा घातलेला, आणि सोबत पाणी राहिलं, तर हळूहळू तोच चिकट बंध तयार होतो जो सिमेंटला घट्ट करतो. इटलीत नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून रोमन लोकांनी बंदरं बांधली ती याच गुणावर. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास या संशोधकांनी राख, चुना आणि जिप्सम यांची न भाजता वीट करण्याची रीत बसवली आणि ती लहान कारखान्यांच्या आवाक्यात आणली.

ही क्रिया संथ असते. उष्णता असेल तर ती वेग घेते, पण ओल असेपर्यंतच. ओल संपली की ती जिथल्या तिथे थांबते. म्हणजे ब्रह्मपुरीचं ऊन या विटेला मदतही करतं आणि मारतंही. मातीच्या विटेला जे काम नऊशे-हजार अंशांची भट्टी करते, ते इथे मे महिन्याचं ऊन आणि त्या बाईच्या हातातला पाइप मिळून करतात. तिने दुपारची एक फेरी चुकवली तरी वीट दिसायला तशीच दिसेल. कमी राहील ती आतून.

मावशीला हे रसायन कोणी सांगितलेलं नाही. पण चट्ट्याची पश्चिमेची बाजू आधी सुकते हे तिला पक्कं माहीत आहे. त्या बाजूला ती धानाची जुनी पोती भिजवून टांगते, आणि पोतं सरकवून हाताची पालथी बाजू विटेला लावून बघते. वीट कोरेवर पांढुरकी पडली की तिथे पाइप जास्त वेळ धरते. एक चट्टा झाला की दुसरा, शेवटच्या चट्ट्यापर्यंत जाईतो पहिला तापलेला असतो. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते तिचे हात. सिमेंटच्या पाण्याने बोटांच्या पेरांना चिरा गेलेल्या. रात्री मोहाच्या टोळीचं तेल चोळते, म्हणाली. हातमोजे होते, फाटले, नवे आले नाहीत.

हे काम चांगलं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. त्याचं कारण आपल्या बांध्यांमध्ये आहे. एक भाजलेली वीट म्हणजे साधारण तीन किलो माती, आणि आठ-दहा हजार विटांचं घरकुल धरलं तर पंचवीस-तीस टन. ही माती कुठून येते? पैशाची नड असलेला शेतकरी बांधीचा वरचा थर विकतो. ज्या थरात धानाची मुळं वाढतात तोच थर. मग पुढची काही वर्षं त्या बांधीत रोवणी केली तरी धान खुरटं येतं, आणि शेजारच्या बांधीपेक्षा ती खोल झाल्याने पाण्याचंही गणित बिघडतं. वर भट्टीला जळण लागतं. धानाचा तूस वापरतात, पण लाकूडही जळतं, आणि जंगलाच्या कडेला वसलेल्या या तालुक्यात ते लाकूड कुठून येतं हे कोणी वेगळं सांगायची गरज नाही. जळणासाठी जंगलात जाणाऱ्या माणसांची आणि वाघाची गाठ पडते, हे ब्रह्मपुरी वन विभागातल्या घरांना चांगलं ठाऊक आहे.

आता राखेचं माहेर बघू. चंद्रपूरच्या दुर्गापूरजवळचं महाऔष्णिक वीज केंद्र आज २,९२० मेगावॅटचं आहे. त्याचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, आणि शेजारच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणींतला कोळसा तिथे जळत आला आहे. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं, म्हणजे तीन गाड्या कोळसा गेला की एक गाडी राख परत निघते. सुकी राख सायलोत साठते, उरलेली पाण्यात कालवून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. बंधारा सुकला आणि वारा सुटला की ती भोवतालच्या गावांवर उडते, घरातल्या भांड्यांवर आणि पिकाच्या पानांवर बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होतं. गुण जितके जास्त तितकं प्रदूषण जास्त. त्या ढिगातली एक गाडी जरी कमी होऊन भिंतीत गेली, तरी ती मला मोलाची वाटते.

कायद्यानेही राखेला हळूहळू लांब ढकललं. १९९९ च्या अधिसूचनेत वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळावी असं होतं. पुढे हे अंतर १०० झालं आणि २०१६ मध्ये ३००. त्याच वर्षी राखेपासून वस्तू करणाऱ्यांसाठी १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च वीज केंद्राने उचलावा आणि त्यापुढे ३०० पर्यंत निम्मा वाटून घ्यावा, असं ठरलं. महाराष्ट्राने आपलं स्वतंत्र राख धोरणही २०१६ सालीच आणलं. मूल, सिंदेवाही, नागभीड करत राखेचे ट्रक इकडे येऊ लागले त्यामागे ही सगळी वाट आहे.

पण ट्रक रिकामा होतानाचं दृश्य कोणत्याही अधिसूचनेत नाही. ताडपत्री निघते, मागची फळी पडते आणि क्षणात माणसं दिसेनाशी होतात. ही राख पिठाहून बारीक असते, श्वासाबरोबर खोल जाते, आणि तिच्यात सिलिका आहे. मशीनवरची मुलं गमछा नाकावर ओढतात. एक मास्क खिळ्याला टांगलेला होता, त्यावरही राख बसली होती. राख ओली करून आणली, ओट्यावर पाण्याचे फवारे लावले, तर यातलं बरंचसं टळेल. त्याला फार मोठं भांडवल लागत नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. शंभराहून जास्त किलोमीटरवरून ही राख येते, आणि ब्रह्मपुरीची स्वतःची राख मात्र राइस मिलच्या मागे पडून असते. एक क्विंटल धान भरडलं की २०-२२ किलो तूस निघतो. तो बॉयलरखाली जाळला की चार किलोच्या आसपास राख उरते, आणि त्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते, कोळशाच्या राखेपेक्षाही जास्त. मी मालकांना हे विचारलं. त्यांनी आत जाऊन एक काळसर वीट आणली. "करून पाहिली ना," म्हणाले, "लय पाणी पिते." अडचण खरी आहे. बॉयलरमधला तूस कुठे अर्धवट जळतो, त्याचा कोळसा राहतो. कुठे फार तापतो, मग सिलिकाचे स्फटिक होतात आणि ती चुन्याशी बोलेनाशी होते. सातशे अंशांच्या आत सावकाश जाळून, वर बारीक दळून घेतली तरच ती कामाची. हे एका लहान कारखानदाराच्या हातचं काम नाही. पाच-सहा मिलवाल्यांनी मिळून एक नीट भट्टी आणि एक चक्की बसवली तर होण्यासारखं आहे, आणि धानाच्या या पट्ट्यात ते व्हायला हवं.

टाकाऊ मालाचा पुन्हा वापर इथे नवा नाही. पाडकामाचा माल इथे शहरासारखा डोंगर होऊन पडत नाही. जुनं मातीचं घर उतरवलं की सागवानी फाटे नव्या गोठ्याला लागतात, कवेलू शाबूत असतील तर त्याच गोठ्यावर चढतात, आणि भिंतीची माती नव्या घराच्या जोत्यात भरतात. झाडीपट्टीत ही रीत पाडकामाच्या मालाचे नियम येण्याच्या खूप आधीची आहे. राखेच्या भिंती पाडायची वेळ येईल तेव्हा काय, हा प्रश्न पुढचा आहे. पण फुटलेल्या पक्क्या विटांचा चुरा कारखान्याच्या रस्त्यात दाबलेला मी पाहिला, तोही चांगला बसला होता.

त्या दिवशी संध्याकाळी एक घरकुलवाला ट्रॅक्टर घेऊन आला. हप्ता जमा झाला होता, मिस्त्री रिकामा बसला होता, पावसाआधी भिंती उभ्या करायच्या होत्या. मैदानी भागातल्या घरकुलाला केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही कामाच्या टप्प्याटप्प्याने, त्यामुळे त्याची घाई मला कळत होती. ट्रॅक्टरला जवळ पडणारा चट्टा नऊ दिवसांचा होता. मालक गप्प राहिले. त्यांच्याही डोक्यावर मशीनचं कर्ज आहे, आणि एकवीस दिवस म्हणजे तेवढे दिवस अडकलेला पैसा. मावशीच बोलली, "तो नको नेऊ भाऊ, कच्चा आहे. मागचा ने." मागचा चट्टा भरायला वेळ लागला, तो माणूस कुरकुरला, पण नेला त्याने तोच.

सगळीकडे मावशी अशी उभी असेलच असं नाही. घेणाऱ्यानेही तपासावं. राखेच्या विटांसाठी आयएस १२८९४ हे भारतीय मानक आहे, आणि नेहमीच्या प्रतीच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये असं ते सांगतं. प्रयोगशाळेत वीट आधी ओव्हनमध्ये वाळवतात. घरी कडक उन्हात वाळवून अंदाज घेता येतो. तिचं वजन करायचं, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायची, पुसून पुन्हा तोलायची. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमहून जास्त प्यायली असेल तर माल परत करावा.

हाच तराजू कारखान्यातही चालावा असं मला वाटतं. आज मशीनवरच्या गड्यांना हजार विटांमागे पैसे मिळतात आणि मावशीला रोजी. म्हणजे विटा किती निघाल्या याचा हिशेब होतो, त्या किती पक्क्या झाल्या याचा होत नाही. दर चट्ट्यातल्या दोन-तीन विटा भिजवून तोलाव्या आणि चट्टा पास झाला की हजाराच्या दरातला वाटा तराई करणारीलाही द्यावा. हातमोजे त्याआधी, उद्याच.