देवाचं देणं, पण कधी?

हॉल, केटरर, गाऊनचं फिटिंग, सगळं सेट होतं. तरी वसईची माझी मैत्रीण टेन्शनमध्ये! कारण एकच प्रश्न. कॅथलिक लग्नात वचनं घेण्याआधी फादर वधूवरांना सगळ्यांदेखत विचारतात, देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकाराल ना? (उतारवयातल्या जोडप्यांसाठी हा प्रश्न गाळता येतो. पंचविशीत सुटका नाही.) "आम्हाला चार वर्षं तरी बाळ नकोय. होम लोन आहे, माझ्या नाइट शिफ्ट्स आहेत. मग वेदीसमोर खोटं बोलू?"

लाल त्रिकोण बघत वाढलेल्या आपल्या घरांत मूल म्हणजे प्लॅनिंग. बायबलचा सूर वेगळा. १२७ व्या स्तोत्रात मुलं म्हणजे परमेश्वराकडून मिळालेला वारसा, योद्ध्याच्या हातातले बाण. ज्याचा भाता भरलेला तो भाग्यवान. पण भाता किती भरायचा? पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये 'हुमाने व्हिते' या परिपत्रकात गोळ्या-कंडोमना ठाम नकार दिला. त्याच परिपत्रकात जबाबदार पालकत्वही आहे. सबळ कारण असेल तर पाळीचे दिवस बघून मूल लांबवता येतं. २०१५ मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस विमानात पत्रकारांना म्हणाले, चांगलं कॅथलिक असायला सशांसारखी पिल्लावळ लागत नाही. २०२२ मध्ये त्यांनीच मुलांऐवजी कुत्री-मांजरी पाळण्याला स्वार्थ म्हटलं. (मैत्रिणीकडे दोन मांजरं आहेत. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.)

लग्नाआधीच्या कोर्समध्ये फादरांनी तिला सांगितलं, 'आत्ता नको' आणि 'कधीच नको' यात फरक आहे. तिचा जीव भांड्यात पडला. नाइट शिफ्ट करत दिवस मोजणं कितपत जमतं, हा भाग निराळा. तिथे मला चर्चचा सल्ला ब्रह्मचाऱ्यांनी लिहिल्यासारखाच वाटतो.

तिच्या मोठ्या बहिणीची गोष्ट मात्र चटका लावते. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. प्रत्येक बाप्तिस्म्याच्या पार्टीत 'तुमचं काय?' आहेच. मूल हे दान आहे, हक्क नाही, असं चर्च म्हणतं. १९८७ च्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात टेस्ट ट्यूब बेबीलाही नकारच आहे. "दान ना? मग मला का नाही, हे कोणाला विचारू?" ती म्हणाली. मी वही मिटली.

अशा जोडप्यांना चर्च दत्तकाचा मार्ग सुचवतं. पण कित्येक वर्षं आपला कायदाच आडवा यायचा! १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. ख्रिस्ती जोडप्यांना सहसा १८९० च्या कायद्याखाली नुसतं 'पालक' होता यायचं. मूल सज्ञान झालं की कागदावरचं नातं खलास. २००० चा बालन्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती, यांनी कुठल्याही धर्माच्या जोडप्याला कायद्याने आईबाप होण्याची वाट मोकळी केली.

'कारा'च्या पोर्टलवर बहिणीचं आणि मेव्हण्याचं नाव तीन वर्षांपासून आहे. मुलगा की मुलगी, या रकान्यात त्यांनी 'कोणीही' निवडलंय. आपलं बाळ एव्हाना कुठेतरी जन्मलंही असेल, असं ती म्हणते. मागच्या खोलीला पिस्ता रंग लावून झालाय.