नावांच्या गावा (लेखांक १४) : ‘स’चा ‘र’ झाला

या आठवड्यात फ्लोरावर लिहायचं कबूल केलं होतं. पण मधेच सांगलीहून एका आजींचं पत्र आलं, आणि आता फ्लोराला आठवडाभर थांबावं लागणार. आजींच्या परदेशात जन्मलेल्या नातीचं नाव लेक-जावयाने ऑरोरा ठेवलं आहे. आजी विचारतात, “कुणी याचा अर्थ सोनेरी सांगतं, कुणी पहाट. खरं काय? मी उषा सुचवलं होतं, ते त्यांना जुनं वाटलं.”

आजी, हे वाचून मला इतका आनंद झाला की ठरलेला मजकूर मी बाजूलाच ठेवला. लेकीने ठेवलं ते नाव आणि तुम्ही सुचवलंत ते, दोन्ही मुळात एकच आहेत.

ऑरोरा ही रोमनांची पहाटेची देवी. तिच्या बहुतेक कथा ग्रीकांच्या ईऑसकडून आलेल्या. तिने नवऱ्यासाठी, टिथोनससाठी, अमरत्व मागून घेतलं आणि तारुण्य मागायचं राहून गेलं. तो बिचारा म्हातारा होतच राहिला. मुलगा मेम्नॉन ट्रॉयच्या युद्धात पडला, तेव्हापासून ती रडते आणि तिची आसवं दंव होऊन पृथ्वीवर पडतात, असं ओव्हिड सांगतो.

कथा गोड आहेत, पण माझा जीव अडकला आहे तो या नावातल्या दोन ‘र’मध्ये. हे दोन्ही ‘र’ मूळचे ‘स’ आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी ताडून पाहिलेलं जुनं रूप साधारण ‘औसोसा’ असं आहे. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधे सापडलेला ‘स’ आधी ‘झ’सारखा घोगरा झाला आणि इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याचा ‘र’ झाला. खुद्द रोमनांनाही याची आठवण होती. पापिरियस घराणं पूर्वी पापिसियस म्हणवायचं, असं सिसेरोने एका पत्रात लिहिलं आहे. नाव कुणी बदललं तेही तो सांगतो. तो लुसियस पापिरियस क्रासस, इसवी सनापूर्वी ३३९ मधला हुकूमशहा.

हा बदल आपल्याला परका नाही. शाळेतली विसर्गसंधी आठवा : निः आणि अंतर मिळून निरंतर, दुः आणि आचार मिळून दुराचार. या विसर्गांच्या मुळाशीही ‘स्’च आहे. पुढे स्वर आला की त्याचा ‘र’ होतो. संस्कृतात हे संधीपुरतं घडलं, लॅटिनमध्ये थेट शब्दांच्या पोटात शिरलं.

आता ‘उषस्’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. औसोसातले दोन्ही ‘स’ इथे शाबूत आहेत. पहिला ‘उ’च्या पाठोपाठ येतो म्हणून ‘ष’ झाला, एवढंच. ऋग्वेदात सुमारे २० सूक्तं या देवीची आहेत. तिथेही ती रथातून येते, अंधार सारते, झोपलेल्यांना कामाला लावते. ग्रीकांची ईऑस याच मुळाची, आणि लिथुआनियात आजही मुलींना औश्रा म्हणतात, अर्थ तोच, पहाट.

मग सोन्याचं काय? लॅटिनमध्ये सोन्याला ‘औरुम’ म्हणतात आणि शेजारचे सबाइन लोक त्याला ‘औसुम’ म्हणत, अशी जुनी नोंद आहे. म्हणजे तिथेही तोच ‘स’. ऑरोराच्या मुळाशी असलेल्या, ‘उजळणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या धातूपासूनच सोन्यालाही नाव मिळालं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ऑरोराचा अर्थ सोनेरी नव्हे. सोनं हे तिच्या नात्यातलं. तिचा स्वतःचा अर्थ पहाट.

आणखी एक. रोमन आई-बाप मुलीचं नाव सहसा असं देवीवरून ठेवत नसत. मुलीला कुळाचंच नाव मिळे : ज्यूलियस कुळातली ती ज्यूलिया, कॉर्नेलियस कुळातली ती कॉर्नेलिया. ऑरोरा हे नाव युरोपात घरोघरी पोचलं ते फार नंतर. चायकोव्हस्कीच्या १८९० सालच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेतली राजकन्या ऑरोराच आहे. मुंबईकरांना तर माटुंग्याची अरोरा टॉकीज आठवेल, तीही हीच.

तेव्हा आजी, लेकीवर रुसू नका. नातीला खुशाल उषा म्हणून हाक मारा आणि थोडी मोठी झाली की ‘स’चा ‘र’ कसा झाला ते तिला सांगा. घरात एकाच नावाचे दोन उच्चार नांदतील.

पुढच्या आठवड्यात फ्लोरा, नक्की. तिच्या ‘र’खालीही ‘स’ दडलेला आहे : इटलीतल्या अन्योने गावाजवळ मिळालेल्या ब्राँझच्या पाटीवर, ऑस्कन भाषेत, तिचं नाव फ्लूसा असं कोरलेलं आहे.