उपाशी नागाच्या शरीरात काय घडते?

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. पंचमीपूर्वी रानातून नाग पकडावेत, मडक्यांत ठेवावेत व पूजेनंतर पुन्हा रानात सोडावेत, अशी येथील जुनी प्रथा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या पूजेस व मिरवणुकीस आळा बसला. २०२५ मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक प्रयोजनासाठी २१ नाग पकडण्यास अटींवर परवानगी दिली. ‘साप महिनोन्‌महिने उपाशी राहतो, मग थोड्या दिवसांनी काय बिघडते?’ असा प्रश्न या संदर्भात विचारला जातो. त्याचे उत्तर सापाच्या शरीर-रसायनात आहे.

शिल्लक आणि खर्च

शरीर उबदार ठेवण्यासाठी सापास अन्न जाळावे लागत नाही. त्यामुळे त्याचा खर्च मुळातच बेताचा असतो. अन्न थांबले की प्रथम यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरला जातो. तो अल्प असतो. पुढे मुख्य भिस्त पोटातील चरबीवर असते. चरबी सरत आली की स्नायूंतील प्रथिने मोठ्या प्रमाणावर मोडू लागतात. हा टप्पा घातक होय.

अमेरिकेतील मार्शल मॅक्यू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन जातींचे साप सुमारे सहा महिने उपाशी ठेवले होते. त्यांनी आपला चयापचय जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी घटवल्याचे आढळले.

ही काटकसर मात्र स्वस्थ पडून राहणाऱ्या सापाची. वारंवार डिवचला जाणारा, फणा उभारून राहणारा नाग शिल्लक झपाट्याने खर्च करतो. पाणी न मिळाल्यास हानी अधिक होते. प्रथिनांतील नत्र साप युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतो. शरीरातील पाणी घटले की ते साचून मूत्रपिंडांवर भार पडतो. तहानलेला नाग पुढ्यातील दूध पितो तो यामुळेच. दूध हे त्याचे अन्न नव्हे. ते श्वासमार्गात गेल्यास त्याच्या जिवावर बेतते.

शिवाय पावसाळा हा बेडूक व उंदीर मिळण्याचा, म्हणजे शिल्लक टाकण्याचा काळ. नेमका तोच मडक्यात गेल्यास सुटलेला नागही दुबळाच राहतो.

उंदरांपासून पिकाचे रक्षण करणारा नाग हा शेतकऱ्याचा सोबती आहे. शिक्षकांनी हे शास्त्र वर्गात समजावून द्यावे आणि ग्रामपंचायतींनी मातीच्या नागाच्या पूजेस उत्तेजन द्यावे. श्रद्धाही टिकेल, नागही टिकेल.