सरत्या वर्षाचा डच पंचनामा

३१ डिसेंबर १९५४ च्या रात्री विम कान हे डच कलावंत रेडिओच्या माइकपुढे उभे राहिले. सरत्या वर्षात देशात काय काय घडलं, कोणत्या मंत्र्याने काय दिवे लावले, याचा त्यांनी हसवत हसवत पाढा वाचला. त्या रात्री सुरू झालेली प्रथा नेदरलँड्समध्ये अजून चालू आहे. तिला तिथे ‘औदेयार्स-कॉन्फेरान्स’ म्हणतात. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरोघरी ओलीबोलेन, म्हणजे पिठीसाखर भुरभुरलेले तळणीतले गोड गोळे, खाल्ले जातात. बारा वाजता फटाके उडतात. या दोहोंच्या मधल्या वेळात एक माणूस रंगमंचावर येतो आणि गेलं वर्ष देशापुढे पुन्हा उभं करतो. हा बहुतेक वेळा एकपात्रीच प्रयोग असतो. नेपथ्य बेताचं, अधूनमधून एखादं गाणं, बाकी सगळी भिस्त बोलण्यावर.

ही प्रथा इतकी खोल का रुजली, हे कळायला त्या काळचा डच समाज पाहावा लागतो. कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी, उदारमतवादी असे तिथे गट होते आणि प्रत्येकाचं सगळंच निराळं होतं. शाळा निराळ्या, वर्तमानपत्रं निराळी, कामगार संघटना आणि खेळाचे क्लबही निराळे. रेडिओची तीच गत होती. कॅथलिकांचं ‘केआरओ’, प्रोटेस्टंटांचं ‘एनसीआरव्ही’, समाजवाद्यांचं ‘फारा’. भिंतीला भिंत लागून राहणारी दोन कुटुंबं जगाच्या बातम्या दोन वेगळ्या तोंडांतून ऐकत. त्याच १९५४ साली मे महिन्यात डच बिशपांनी एक पत्रक काढलं. समाजवादी कामगार संघटनेत जाऊ नका, समाजवादी वर्तमानपत्रं नेमाने वाचू नका आणि फाराचे कार्यक्रम नेमाने ऐकू नका, असं त्यांनी कॅथलिकांना बजावलं. हा निर्बंध उठायला १९६५ साल उजाडलं. आणि विम कान बोलत होते ते फारावरून! बंदी नेमाने ऐकण्यावर होती, वर्षातल्या एका रात्रीवर नव्हती. कान यांनी सगळ्याच गटांच्या पुढाऱ्यांना चिमटे काढले आणि सगळ्याच गटांचे लोक त्यांना ऐकू लागले. मला या परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. जे लोक एरवी एका बाकावर बसत नव्हते, त्यांना एका रात्रीपुरता एकाच गोष्टीवर हसण्याचा हक्क मिळाला.

कान स्वतः मंत्र्याचे चिरंजीव होते. त्यांचे वडील १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गृहमंत्री होते, त्यामुळे सत्तेतली माणसं त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिली होती. पत्नी कोरी फोंक यांच्यासह त्यांनी १९३६ मध्ये ‘एबीसी कॅबारे’ ही मंडळी उभी केली. दौऱ्यावर ते डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात गेले आणि महायुद्धाने तिथेच अडकले. जपान्यांनी कान यांना युद्धकैदी म्हणून ब्रह्मदेशातल्या रेल्वेच्या कामावर जुंपलं. कोरी यांना छावणीत डांबलं. मायदेशी परतायला १९४६ साल लागलं. पुढे १९७१ मध्ये जपानचे सम्राट हिरोहितो नेदरलँड्सला आले, तेव्हा कान यांनी उघड निषेध केला. मंत्र्यांना अलगद गुदगुल्या करणारा हा माणूस त्या एका बाबतीत कधीच नमला नाही. त्यांचा विनोद मवाळ होता असं म्हटलं जातं, आणि तो होताही. पण त्या मवाळपणामागे रेल्वेच्या रुळांवर मेलेले सोबती होते, हे विसरून त्यांचं मोजमाप करता येत नाही.

पंतप्रधान ड्रेस, परराष्ट्रमंत्री ल्युन्स यांच्यासारखी माणसं त्यांच्या बोलण्यात येत. टोमणा बसला म्हणून वाईट वाटण्यापेक्षा आपलं नावच निघालं नाही याचं दुःख राजकारण्यांना अधिक होई, असं सांगतात. कान दरवर्षी उभे राहत नसत, मध्ये दोन-तीन वर्षं जाऊ देत. दूरचित्रवाणीपासून तर ते बराच काळ लांबच राहिले. तिच्यावरचा त्यांचा पहिला वर्षअखेरचा प्रयोग झाला ३१ डिसेंबर १९७३ ला, आणि वर्षही तसंच होतं. अरब देशांनी तेल तोडलं होतं. नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद होत्या, महामार्गांवर लोक सायकली चालवत होते. तेलटंचाईपूर्वीचं जग आता परत येणार नाही, असं पंतप्रधान डेन आउल यांनी महिन्याभरापूर्वीच पडद्यावरून सांगितलं होतं. त्याच पडद्यावर डिसेंबरच्या शेवटच्या रात्री कान आले. देशाच्या मनातली धास्ती त्यांनी लपवली नाही, पण ती सगळ्यांनी मिळून बघावी अशी समोर ठेवली. सप्टेंबर १९८३ मध्ये ते गेले, त्याआधीच्या वर्षापर्यंत ते या रात्रीसाठी उभे राहत होते.

त्यांच्यानंतर सेत खायकेमा आले, फ्रेक द योंगे आले. दोघेही पाद्र्यांचे मुलगे. द योंगे यांच्या बोलण्यात तर प्रवचनाची धग होती. पण प्रथेला खरं वेगळं वळण दिलं ते यूप फान्त हेक यांनी.

फान्त हेक यांचा जन्म १९५४ चा, म्हणजे ते या प्रथेच्याच वयाचे. नार्डनच्या सुखवस्तू भागात ते जन्मले. १९८९ च्या पहिल्याच वर्षअखेरच्या प्रयोगात त्यांनी हायनेकेन कंपनीच्या ‘बकलर’ या जवळपास मद्यविरहित बिअरला झोडपलं. नीट पाहिलं तर त्यांनी बिअरला झोडपलंच नव्हतं. ती पिऊन पार्टीत शहाण्यासारखं मिरवणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला झोडपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बकलर मागवायची लोकांना लाज वाटू लागली. खप घसरत गेला आणि १९९३ मध्ये कंपनीने डच बाजारातून ती मागे घेतली. जाहिरातीच्या धंद्यात हे उदाहरण आजही दिलं जातं. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. कान यांचा बाण वर, खुर्चीकडे जात असे. फान्त हेक यांनी तो सोफ्याकडे वळवला. ओलीबोलेन खात बसलेल्या, कर्ज फेडून झालेल्या, स्वतःवर खूश असलेल्या प्रेक्षकालाच त्यांनी विचारलं, की या वर्षात तू काय केलंस? ते ज्या वर्गातून आले तोच हा वर्ग होता, म्हणून त्या रागाला वजन होतं.

पुढे काही वर्षं अशी आली की हसायचं कसं हाच प्रश्न पडावा. मे २००२ मध्ये पिम फोर्टाउन या नेत्याची निवडणुकीच्या तोंडावर हत्या झाली. १७ जुलै २०१४ ला एमएच-१७ हे विमान युक्रेनवर पाडलं गेलं. त्यात २९८ माणसं गेली, त्यातली १९६ डच होती. या दोन्ही वर्षांच्या अखेरीस फान्त हेकच उभे होते. अशा रात्री विनोदकाराकडून नुसता विनोद कुणी मागत नाही. जे घडलं ते वगळून पुढे जाऊ नये, एवढीच अपेक्षा असते, आणि ती पुरी करणं फार अवघड आहे.

ते या कलावंतांना जमतं, याचं कारण मागच्या तयारीत आहे. हे प्रयोग एका रात्रीत लिहिले जात नाहीत. काही महिने आधीपासून गावोगावच्या नाट्यगृहांत तालमीचे प्रयोग होतात. कोणत्या वाक्यावर हशा येतो, कुठे सभागृह गार पडतं, हे पाहत संहिता घासली जाते. तेवढ्यात एखादं मंत्रिमंडळ कोसळतं आणि रचलेला भाग टाकून द्यावा लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही कागद बदलत राहतो.

२०१५ मध्ये आल्मेलोचे हर्मान फिंकर्स आले. कोट्या, तिरपा तर्क आणि पूर्वेकडच्या ट्वेन्ते भागाचा संथ सूर, कुणाला ओरबाडणं नाही. फान्त हेक यांच्या तोफखान्याची सवय झालेल्या प्रेक्षकांपुढे हा बदल फार सुंदर होता. २०१६ मध्ये क्लाउडिया द ब्राय आल्या. सार्वजनिक वाहिनीवर हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९५४ पासून मोजलं तर ६२ वर्षांनी! वर्षाकडे पाहणारा तो एक माणूस नेहमी पुरुषच असावा, हे इतका काळ कुणाला खटकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. २०२० च्या महामारीच्या वर्षी फान्त हेक यांनी आपला शेवटचा वर्षअखेरचा प्रयोग केला. त्याच डिसेंबरच्या मध्यापासून देशभरची नाट्यगृहं बंद होती आणि फटाक्यांवरही बंदी होती.

आता एकाच मोसमात अनेक कलावंत आपापलं वर्ष मांडतात. खासगी वाहिन्या आहेत, मोबाइलवर हवं ते हवं तेव्हा पाहता येतं. नव्या कलावंतांसाठी हे चांगलंच आहे. तरी सार्वजनिक वाहिनीने ३१ डिसेंबरची ती एक जागा राखून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. जुन्या गटांच्या भिंती पडल्या, पण प्रत्येकाच्या हातातल्या पडद्याने नव्या भिंती उभ्या केल्या आहेत. कॅथलिक घरात फारा लावायला १९५४ मध्ये जो धीर लागत होता, तसाच धीर आज स्वतःच्या मताचा नसलेला कलावंत दीड तास ऐकून घ्यायला लागतो.