कंबरदुखी थांबली, पण बधिरता आली?

पोते उचलताना कंबरेत उसण भरली. कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरली. तेल, शेक, पायाळू माणसाची लाथ असे सगळे उपाय झाले. पाचव्या दिवशी कळ कमी झाली, पण बैठकीची जागा जड, बधिर वाटू लागली. घरचे म्हणाले, ‘चला, आराम पडला!’ वाचकहो, हा आराम फसवा असू शकतो.

आपल्या मणक्यांमध्ये गाद्या असतात. गादीची कड चिवट, तर आतला गर मऊ असतो. झीज झालेल्या कडेला चीर पडली की गर बाहेर येऊन शेजारची नस दाबतो. यालाच आपण ‘गादी सरकली’ म्हणतो. नस दाबली गेली की कळ येते, मुंग्या येतात. दाब वाढला की नसेचे काम मंदावते आणि त्वचेला स्पर्श कळेनासा होतो. म्हणून कळ जाऊन बधिरता येणे हे बरे होण्याचे लक्षण नव्हे.

जागा कोणती?

कंबरेत पाच मणके असतात. बहुधा चौथ्या-पाचव्यामधली किंवा पाचव्याखालची गादी सरकते. पहिल्या प्रकारात पायाचा अंगठा व पावलाची वरची बाजू बधिर होते, दुसऱ्यात करंगळी व पावलाची बाहेरची कड. चालताना चप्पल निसटत असेल किंवा चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर स्नायूंची ताकद कमी होत आहे. डॉक्टरांना लगेच दाखवावे.

सर्वांत धोक्याची खूण

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याला लॅटिनमध्ये ‘कॉडा इक्विना’ म्हणतात. लघवी व शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसा यातच असतात. मोठी गादी सरकून हा झुपका दाबला गेला, तर घोड्यावर बसताना खोगिराला टेकणारा भाग, म्हणजे बैठक, गुदद्वार व जननेंद्रियाभोवतीची जागा आणि मांड्यांची आतली बाजू, बधिर होतो.

लाज बाजूला ठेवून स्वतःला विचारा: शौचानंतर धुताना हाताचा स्पर्श कळतो का? लघवी तुंबते का, किंवा नकळत होते का? शौचावरचा ताबा सुटला आहे का? दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आहे का? यातले काहीही कंबरदुखीसोबत नव्याने सुरू झाले असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि एमआरआय व मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. निदान पक्के झाल्यास तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते, साधारण 48 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. उशीर झाल्यास लघवीसाठी कायमची नळी लागू शकते.

हे टाळा

बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका कळत नाही व कातडी भाजते. कंबर मोडून घेणे, लाथ मारून घेणे हे प्रकार करू नका.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. गादी सरकलेल्या बहुतेकांचे दुखणे 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आटोक्यात येते. महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याचीही गरज नसते, झेपेल तेवढे चालावे. कळ सोसता येते, बधिरता मात्र अंगावर काढू नये.