सम्राट गोजोंग यांचा गुप्त कोष

कोरियातील जोसॉन राजवटीत भिक्खूंना राजधानी सेऊलच्या वेशीत प्रवेश करण्यास दीर्घकाळ मनाई होती. ती इ. स. १८९५ मध्ये उठली. पुढे १९०२ मध्ये देशातील विहारांच्या देखरेखीसाठी एक कार्यालय निघाले. परंतु ते शासनाच्या एखाद्या मंत्रालयाखाली नव्हे, तर राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या खात्याखाली ठेवण्यात आले. विहारांचा कारभार राजवाड्याकडे का जावा, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्या वर्षांत देशातील उत्पन्नाच्या अनेक बाबीही तिकडेच वळत होत्या, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

सर्व महसूल अर्थखात्याच्या हाती असावा, असे १८९४ च्या सुधारणांनी ठरविले होते. त्या सुधारणांमागे जपानचा दबाव होता. अर्थखात्यातील पैसा आपला राहील, हा भरवसा राजा गोजोंग यांना कसा वाटावा? १८९७ मध्ये सम्राटपद धारण केल्यावर त्यांनी खाणी, सरकारी जमिनी आणि तांबड्या जिनसेंगची मक्तेदारी ‘नेजांगवोन’ या राजवाड्याच्या खासगी कोषाकडे ओढून घेतली. जिनसेंग ही औषधी मुळी. केसोंगच्या परिसरात ती सहा वर्षे जमिनीत वाढवितात. वाफवून वाळविली म्हणजे ती तांबूस होते व टिकते. चीनच्या बाजारात तिला मोठी किंमत येई.

या व्यवहाराचे सूत्रधार यी योंग-इक हे सामान्य कुळातले. १८८२ च्या बंडात लपून बसलेल्या राणीचे निरोप त्यांनी पायी मजल मारून राजापर्यंत पोहोचविले आणि तेथून ते चढत गेले. जन्मावर मानमरातब ठरणाऱ्या त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती. उमरावांचा त्यांच्यावरील रोष निव्वळ जमाखर्चापायी होता, असे आम्हांस वाटत नाही.

तथापि जमाखर्चही निर्मळ नव्हता. नफ्यासाठी निकेलची नाणी अमाप पाडली गेली, त्यांत खोट्या नाण्यांची भर पडली आणि भाव कडाडले. सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांचा खंडही याच कोषात जाई. गोजोंग यांना केवळ देशभक्त म्हणून रंगविणारे लेखन ही बाजू झाकून ठेवते. या कोषातून सैन्यावर व परराष्ट्र व्यवहारांवर खर्च झाला, हेही तितकेच खरे.

काही रक्कम शांघायमधील जर्मन बँकेत ठेवलेली होती. १९०५ च्या तहाने कोरिया जपानच्या संरक्षणाखाली गेला. १९०७ मध्ये हेगच्या परिषदेस तीन दूत गुप्तपणे पाठविल्याबद्दल गोजोंग यांना पदत्याग करावा लागला. १९०९ मध्ये त्यांनी होमर हल्बर्ट या विश्वासू अमेरिकन शिक्षकास ती ठेव काढण्याचा अधिकार दिला. हल्बर्ट शांघायला पोहोचले तेव्हा कळले, की जपानी रेसिडेंट-जनरलच्या यंत्रणेने ती १९०८ मध्येच उचलली होती. आमच्या मते गुप्ततेनेच येथे घात केला. कोषाची किल्ली एका माणसाच्या हाती होती आणि तो माणूस जपानच्या पहाऱ्यात होता.

विहारांचे कार्यालय त्यापूर्वीच, १९०४ मध्ये, बंद झाले होते. हल्बर्ट १९४९ मध्ये स्वतंत्र कोरियात परतले आणि आठवडाभरातच सेऊलमध्ये मरण पावले. तो पैसा कोरियाला परत मिळावा, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नव्हता.